भटक्यांच्या मुलखातील पाहुणे



जुन्या वाचनालयातील प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी थोडा वेळ उभे राहिले तर काळ बदलल्याची खूण पुस्तकांच्या पाठींवरूनच पटते. आधी काशी-रामेश्वराच्या यात्रा येतात, मग विलायतेच्या बोटी, मग विमाने. अलीकडे या मालिकेत एक नवे वाहन येऊन उभे राहिले आहे. ते म्हणजे मोटारसायकल. मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या बांधलेल्या, पुढे नकाशा लावलेला, आणि समोर रस्ता असेलच अशी खात्री नाही. अशा प्रवासाची भाषा कोणतीही असो, त्यात एक नाव फिरून फिरून येते, मंगोलिया. कुंपण नसलेली जमीन, घोड्यांचे कळप, पांढरे गोल तंबू आणि त्यांतून बाहेर येऊन स्वागत करणारे पशुपालक. इंदूरच्या कापड बाजारात उभ्या असलेल्या तरुणालाही त्या चित्राची ओढ वाटावी, असे त्यात काहीतरी आहे खास.

ही ओढ खोटी नाही. परंतु त्या चित्रात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे नीट पाहिले जात नाही. यंत्रावर बसलेला माणूस स्वतःला साहसी म्हणवतो, आणि ज्याच्या दारात तो रात्री उतरतो त्याला 'भटका' म्हणतो. या दोन शब्दांची अदलाबदल करून पाहण्याची गरज आहे. आणि ती करून पाहण्यासाठी होळकरांच्या या शहरापेक्षा योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

मंगोल पशुपालकांच्या प्रदेशातून यंत्राने प्रवास करण्याचा पहिला मोठा खटाटोप झाला तो १९०७ साली. पॅरिसच्या 'ल मातँ' या वृत्तपत्राने आव्हान दिले की, पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटार चालवीत कोणी येईल काय? त्या वर्षीच्या १० जून रोजी पाच वाहने पेकिंगहून निघाली. चार मोटारी होत्या, आणि पाचवे होते 'कोंताल' नावाचे एक चिमुकले तीनचाकी वाहन, मोटारसायकलचेच भावंड म्हणावे असे. शर्यत जिंकली ती इटलीच्या बोर्गेझे या सरदाराने, दोन महिन्यांनी, १० ऑगस्टला. त्याच्याबरोबर मोटारीत बसून आलेल्या लुइजी बार्झिनी या वार्ताहराने त्या प्रवासावर ग्रंथ लिहिला आणि तो जगभर वाचला गेला.

या विजयाच्या कथेत दोन तपशील असे आहेत की, ज्यांच्याकडे वाचकांची नजर सहसा थांबत नाही. पहिला असा की, गोबीच्या वाळवंटात या मोटारींना लागणारे पेट्रोल आधीच उंटांच्या तांड्यांवर लादून पुढे धाडलेले होते. पेकिंगच्या उत्तरेकडील डोंगर चढताना तर मोटारी माणसांनी आणि जनावरांनी दोरखंड लावून ओढल्या. म्हणजे यंत्राने वाळवंट जिंकले ते उंटाच्या पाठीवर बसून! दुसरा तपशील त्या तीनचाकी वाहनाचा. ओग्यूस्त पाँस नावाचा फ्रेंच गृहस्थ आपल्या सोबत्यासह ते चालवीत होता. इतर मोटारी पुढे निघून गेल्या, गोबीत त्याचे इंधन संपले, पाणी संपले. दोघे पायी फिरून मरणाच्या दारी पोहोचले असताना त्यांना वाचवले ते त्या वाटेने जाणाऱ्या मंगोल पशुपालकांनी. त्या पशुपालकांची नावे कोणी टिपून ठेवली नाहीत. पाँस मात्र इतिहासात राहिला.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, २००४ साली, इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूर्मन हे दोन नट लंडनहून न्यूयॉर्कला मोटारसायकलने निघाले आणि वाटेत मंगोलिया पार करून गेले. त्यांच्या प्रवासाचे चित्रीकरण दूरदर्शन संचावर असंख्य लोकांनी पाहिले आणि आज मंगोलियात जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांपैकी पुष्कळांच्या मनात ते बीज तिथूनच पडले आहे. त्यांच्या मोटारसायकली जर्मन बनावटीच्या, अतिशय महागड्या. मंगोलियाच्या खाचखळग्यांत त्यांच्या छायाचित्रकाराच्या गाडीची चौकटच मोडली. पुढे तो गेला तो तिथेच विकत घेतलेल्या 'इझ प्लॅनेटा' या जुन्या वळणाच्या रशियन मोटारसायकलवर. ही गाडी मंगोल मेंढपाळ वर्षानुवर्षे वापरत आलेले आहेत. तिच्यावर बसून ते कळप हाकतात, हरवलेले घोडे शोधतात, बायकोपोरांना मागे बसवून जत्रेला जातात, आणि ती बिघडली तर गवतावर आडवी पाडून दुरुस्त करतात. साहसी प्रवाशाचे वाहन आणि पशुपालकाचे रोजचे वाहन असे समोरासमोर आले, आणि उपयोगी पडले ते दुसरे.

या पशुपालकांचे जीवन थोडे समजून घेतले पाहिजे. मंगोलिया क्षेत्रफळाने भारताच्या जवळजवळ निम्मा आणि त्याची लोकसंख्या मात्र सुमारे पस्तीस लाख, म्हणजे इंदूर शहरात आज जितकी माणसे असतील त्याहून फार अधिक नव्हे. त्यांतील निम्मी माणसे उलानबातर या राजधानीतच दाटलेली. उरलेल्या विस्तीर्ण गवताळ भूमीवर आजही मोठ्या संख्येने लोक पाच प्रकारची जनावरे पाळून जगतात: घोडा, उंट, गाय व याक, मेंढी आणि बकरी. त्यांचे घर म्हणजे 'गेर'. लाकडी जाळीच्या भिंती, वर चाकासारखे गोल झरोक्याचे छत आणि सभोवार मेंढीच्या लोकरीचे जाड नमदे. कोल्हापूरकडे लोकर लाटून केलेल्या बैठकीला 'जेन' म्हणतात, त्याच जातीचे हे कापड. दोन-तीन तासांत हे घर उभे राहते, तितक्याच वेळात उतरवले जाते. दार नेहमी दक्षिणेला. दारी आलेल्या माणसाने कडी वाजवायची नसते, तशी तिथे पद्धतच नाही. त्याने दुरूनच हाक द्यायची ती 'कुत्रा धरा' अशा अर्थाची. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही. आत गेल्यावर मिठाचा, दुधाचा चहा पुढे येतो आणि उन्हाळा असेल तर घोडीचे आंबवलेले दूध. कोण, कुठला, कशासाठी आला, हे प्रश्न नंतरचे.

हा पाहुणचार पाहून परदेशी प्रवासी भारावून जातात आणि त्याला निरागसतेचे नाव देतात. तो निरागसपणा नाही, तो रीतसर व्यवहार आहे. उणे तीस-चाळीस अंशांच्या हिवाळ्यात, वीस मैलांवर दुसरे घर असलेल्या मुलखात, आज दारी आलेल्याला आत घेतले नाही तर उद्या आपल्याला कोण घेईल? पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवाणघेवाणीची ही अलिखित खातेवही आहे. पेच असा की, मोटारसायकलवरून आलेला पाहुणा या खातेवहीत बसत नाही. तो घेतो, आणि जातो. त्याच्या गावी, त्याच्या दारी तो मेंढपाळ कधीच उतरणार नसतो. जाणते प्रवासी ही अडचण ओळखतात. ते जाताना मुलांसाठी काही, घरासाठी पीठ-साखर असे काही ठेवून जातात. बाकीचे छायाचित्रे काढून जातात.

आणखी एक गोष्ट. या लोकांचे फिरणे म्हणजे मन मानेल तिकडे जाणे नव्हे. हिवाळ्याची जागा ठरलेली असते, डोंगराच्या आडोशाची, जनावरांच्या शेणाचा थर साचून उबदार झालेली. वसंताची जागा वेगळी, उन्हाळ्याची वेगळी. गवत, पाणी आणि वारा यांचा हिशेब चुकला तर काय होते ते 'झुद' या एका शब्दात त्यांच्या भाषेत सांगितले जाते. उन्हाळा कोरडा गेला, आणि त्यामागून कडक हिवाळ्यात गवतावर बर्फाचे कवच बसले की जनावरे उभ्या जागी मरतात. २००९-१० च्या झुदात ऐंशी लाखांहून अधिक जनावरे गेली. २०२३-२४ च्या हिवाळ्यात पुन्हा सत्तर लाखांहून अधिक. ज्यांचे कळप गेले ती कुटुंबे गेर गुंडाळून उलानबातरच्या कडेला येऊन राहिली. आज त्या शहराभोवतीच्या टेकड्यांवर अशा गेरांच्या वस्त्याच्या वस्त्या आहेत. उन्हाळ्याच्या हिरव्या महिन्यांत आलेल्या मोटारसायकलस्वाराला हे दिसत नाही, कारण झुदाच्या ऋतूत तो आपल्या घरी असतो.

मंगोलिया दूर आहे, खर्चाचा आहे. मराठी मोटारसायकलस्वाराचा मंगोलिया म्हणजे लडाख. पुणे, मुंबई, नागपूर, आणि इंदूरहूनही, दर उन्हाळ्यात तरुणांची पथके मनालीमार्गे लेहला जातात. रोहतांग, बारालाचा, लाचुंग, तंगलंग या खिंडींची नावे त्यांना आपल्या गल्लीबोळांसारखी पाठ असतात. २०२० साली रोहतांगखालून अटल बोगदा झाला आणि पहिला अवघड टप्पा काही मिनिटांचा झाला. पुढे पांगच्या वर चढून गेले की अचानक सपाट मोरे मैदान लागते, समुद्रसपाटीपासून पंधरा हजार फुटांहून उंच. चढ संपल्याच्या आनंदात सगळे तिथे वेग वाढवतात. त्या मैदानाच्या कडेला याकच्या केसांचे काळे तंबू आणि बकऱ्यांचे कळप दिसतात. ते चांगपा पशुपालक. ज्या पश्मिन्याची शाल जगभर मिरवते, ती लोकर याच बकऱ्यांच्या अंगावरची. वसंतात कंगव्याने विंचरून ती काढतात.

चांगपांचे दुःख मंगोलांहून निराळे नाही. १९६२ च्या युद्धानंतर सीमा बंद झाली आणि त्यांची पलीकडची हिवाळी कुरणे गेली. तिबेटातून आलेले निर्वासित आपले कळप घेऊन उरलेल्या कुरणांवर आले. २०१२-१३ च्या हिवाळ्यात बर्फाने पुष्कळ जनावरे मेली. खारनाक भागातील बरीच कुटुंबे जनावरे विकून लेहजवळ येऊन राहिली. त्या वस्तीला त्यांनी नाव दिले खारनाकलिंग, आपल्या सोडलेल्या मुलखाचेच नाव. मुलांची शाळा, दवाखाना, वीज ही कारणे त्यांनी सांगितली, आणि ती रास्तच आहेत. तेव्हा मोरे मैदानावरून सुसाट जाणारा तरुण आपण मुक्त झालो असे मानत असतो, त्याच वेळी त्या मैदानाचा धनी शहराच्या कडेला मजुरी शोधीत असतो. हे दोन प्रवास एकाच रस्त्यावर उलट दिशांनी चाललेले आहेत. ज्या रस्त्याने एकाला आणले त्याच रस्त्याने दुसऱ्याला नेले.

येथवर आल्यावर प्रश्न पडतो तो असा की, या साऱ्याशी माळव्याचा आणि इंदूरच्या मराठी माणसाचा संबंध काय? संबंध पुष्कळ आहे, फक्त तो विसरला गेला आहे.

या शहराला राजधानीचे रूप देणाऱ्या घराण्याचे मूळ कुठे आहे? मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा, धनगर कुळातला. लहानपणीच वडील गेले आणि आई मुलाला घेऊन खानदेशात भावाकडे, भोजराज बारगळांकडे गेली. तेथे मल्हारराव मामाची मेंढरे राखीत. रानात झोपलेल्या मुलावर नागाने फणा धरल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. कथा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. उघड्या रानात, मेंढरांमागे, पाणी कुठे मिळेल आणि तळ कुठे पडेल याचा सतत अंदाज घेत ज्याचे बालपण गेले, तो पुढे मराठ्यांच्या फौजेतील सर्वांत चपळ सरदारांपैकी एक झाला. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

दख्खनच्या धनगरांचे वर्ष पाहावे. माण, खटाव, फलटण, सांगोला, जत या पर्जन्यछायेच्या उजाड पट्ट्यांत त्यांची मूळ गावे. पावसाळा ते गावाकडे काढतात. दिवाळीच्या सुमारास वाडा हलतो. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. बरोबर निघालेल्या चार-सहा किंवा अधिक कुटुंबांचा तो चालता संसार. तट्टांच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, पाल, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधीकधी लहान मूलही. पुढे मेंढरे, मेंढके आणि कुत्री. घाट उतरून कोकणाकडे, भाताची कापणी झालेल्या खाचरांकडे. आणि मृगाच्या आधी परत. आता मराठी फौजांचे वर्ष आठवावे. दसऱ्याला सीमोल्लंघन, हिवाळा-उन्हाळा मुलूखगिरी, आणि पावसाच्या तोंडावर छावणी. दोन्ही वर्षांची चौकट एकच आहे! पाऊस, चारा आणि पिकाची कापणी यांनीच दोघांचे वेळापत्रक ठरवलेले. ज्याला धनगराची वाट चालता येते त्याला घोडदळाची मजल नवी वाटायची नाही. यशवंतराव होळकरांनी तर आपले राज्य आणि दौलत घोड्याच्या खोगिरावर आहे अशा आशयाचे इंग्रजांना कळवले होते, आणि १८०५ च्या अखेरीस ते फौजेनिशी पंजाबात बियास नदीपर्यंत जाऊन पोहोचले होते. मंगोल घोडेस्वारांविषयी इतिहासकार जे लिहितात ते माळव्याच्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही.

धनगरांचा देवही फिरता आहे. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याची दुसरी बायको बाणाई ही धनगराची लेक. तिच्यासाठी देव जेजुरी सोडून तिच्या बापाकडे मेंढरे राखायला राहिला, असे परंपरा सांगते. राजाने मेंढका होणे आणि मेंढक्याने राजा होणे, यांतील पहिली गोष्ट देवाने केली, दुसरी मल्हाररावांनी. मराठीत या परंपरेचा शोध रा. चिं. ढेरे यांनी 'खंडोबा' या ग्रंथात घेतला. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने तर धनगरांच्या वाड्यांबरोबर राहून बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या ओव्या गोळा केल्या आणि १९७६ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी फिरत. धनगरांच्या वाटांच्या आसपास अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे सापडतात, हे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ, त्या वाटा रस्त्यांहून, गावांहून, आणि कदाचित शेतीहूनही जुन्या आहेत. सोन्थायमर आणि कोसंबी यांच्याकडे त्या अर्थाने पाहिले तर भटक्यांच्या मुलखातील खरे पाहुणे हेच. त्यांनी वेग कमी केला म्हणून त्यांना दिसले.

आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'! १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही छोटी कादंबरी या वाचनालयाच्या सभासदांपैकी कोणी वाचली नसेल असे वाटत नाही. धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर हाही एक पाहुणाच आहे. तो सायकलीवरून किंवा मोटारसायकलवरून फेरफटका मारायला आलेला नाही, राहायला आलेला आहे. म्हणून त्याला वाडी समजते, आणि शेवटी दुष्काळ पडून मेंढरे मरतात, माणसे पांगतात, तेव्हा रिकाम्या वाडीचे ओझे त्याच्या एकट्याच्या अंगावर पडते. मंगोल ज्याला झुद म्हणतात त्याची माणदेशी कथा म्हणून 'बनगरवाडी' पुन्हा वाचून पाहण्यासारखी आहे. तिथे बर्फ मारते, इथे ऊन. परिणाम एकच.

आता खुद्द माळव्याकडे वळू. दर वर्षी पावसाळा सरला की मारवाडातून, पाली, जालोर, सिरोही या भागांतून, रेबारी किंवा राइका मेंढपाळ आपले कळप घेऊन दक्षिणेकडे उतरतात आणि त्यांतील पुष्कळ माळव्यात येतात. लाल पागोटी, पांढरी आंगरखी, हातात काठी. बरोबर उंट, आणि उंटांवर उलट्या ठेवलेल्या खाटा, त्यांत कोकरे आणि मुले. अनेक कुटुंबे मिळून एक तांडा होतो, त्याला ते 'डांग' म्हणतात. डांगेचा एक प्रमुख असतो. कुठे वळायचे, शेतकऱ्याशी काय बोलायचे, वनखात्याच्या माणसाशी काय बोलायचे, हे तो ठरवतो. रात्री पिकाची कापणी झालेल्या शेतात मेंढरे बसतात. काळ्या मातीला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला त्याच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे. दख्खनच्या धनगरांचा आणि कुणब्यांचा जो जुना करार, तोच माळव्यात रेबारी आणि किसान यांच्यात आहे. अरुण अग्रवाल आणि पूर्णेन्दु कावूरी या दोन अभ्यासकांनी १९९९ साली या मेंढपाळांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केले. दोघांनीही हे दाखवले की, हे लोक मागासलेपणामुळे फिरत नाहीत. फिरणे हाच त्यांचा विचारपूर्वक केलेला धंदा आहे.

हा करार आता ठिकठिकाणी फाटत चालला आहे. माळव्यात विहिरी, कूपनलिका झाल्या, सोयाबीननंतर लगेच गहू-हरभरा उभा राहू लागला. शेत पडीक राहण्याचे दिवस कमी झाले. रासायनिक खतांचे पोते दारात मिळू लागले. गायरानांवर वसाहती आल्या. जंगलात शिरायचे तर परवाना, शुल्क आणि ठरावीक वाट. परत जाण्यातही अर्थ उरला नाही म्हणून काही कळप वर्षभर मध्य प्रदेशातच फिरत राहतात. एके काळी आग्रा-मुंबई रस्ता हीच जनावरांचीही वाट होती. त्याचे रुंद महामार्गात रूपांतर झाले, मधोमध दुभाजक आला. हजार मेंढरांचा कळप रस्ता ओलांडू लागला की मोटारींचे भोंगे वाजू लागतात. त्यात मोटारसायकलीही असतात. त्यांतला एखादा स्वार पुढच्या जूनमध्ये लेहला जाणारा असतो आणि तिथे कळप आडवा आला तर गाडी थांबवून छायाचित्र काढणारा असतो.

इंदूरजवळच्या पीथमपुरात वाहनांच्या चाचणीसाठी आशियातील सर्वांत लांब म्हणवला जाणारा वेगमार्ग आहे, ११.३ किलोमीटरचा, लंबवर्तुळाकार. २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यावर कितीही वेगाने गेले तरी माणूस निघाला त्याच जागी परत येतो. धनगराचा वाडाही दरवर्षी निघाल्या जागी परत येतो, पण आठ महिन्यांनी, आणि वाटेतल्या शेकडो शेतांना खत देऊन. दोन वर्तुळांतला हा फरक गमतीने सांगण्यासारखा असला तरी अगदीच गमतीचा नाही.

पशुपालकांच्या बाजूने कायद्याने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईच्या हक्काला मान्यता आहे. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाने, बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली, २००८ साली अहवाल दिला. परंतु ज्याचा पत्ता दर आठवड्याला बदलतो त्याने अर्ज कोणत्या ग्रामसभेत द्यायचा? मतदार यादी, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, प्रत्येक कागद घर एका जागी उभे आहे असे गृहीत धरतो. मंगोलियाने मात्र या बाबतीत जगासमोर एक गोष्ट आणली. त्यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ मध्ये ठराव केला आणि २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेशांचे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. ज्या देशाकडे जग साहसी सहलीचे ठिकाण म्हणून पाहते, त्याने जगाला सांगितले की आमच्याकडे पाहायला येता तसे आपल्या घराजवळच्या मेंढपाळांकडेही पाहा.

येथे कोणी म्हणेल की मग मोटारसायकलने जाऊच नये काय? अवश्य जावे. तरुणपणी घर सोडून लांब जाण्याची हौस नसेल तर म्हातारपणी वाचनालयात बसून प्रवासवर्णने वाचण्यातही गोडी येत नाही. आणि मंगोलियातला तरुण मेंढपाळ स्वतः मोटारसायकलच वापरतो, धनगरांच्या वाड्यांतही पोरे आता दुचाकी घेऊन पुढच्या तळाची जागा पाहून येतात. डांगेच्या प्रमुखाच्या खिशात भ्रमणध्वनी असतो, पुढच्या गावात चारा आहे का, हे तो आधी विचारून घेतो. यंत्राशी त्यांचे वैर नाही. प्रश्न फक्त एवढा आहे की, गाडी उभी करून त्याच्या पालापाशी बसायला किती वेळ हाती आहे.

मंगोलियात पाहुणा निघाला की घरातली बाई दारात येते आणि लाकडी चमच्याने त्याच्या वाटेच्या दिशेने दूध शिंपडते. वाट पांढरी, म्हणजे शुभ होवो, असा त्याचा भाव. आपल्याकडे वाडा हलतो तेव्हा असे कोणी काही शिंपडत नाही. पहाटे अंधारातच वाघूर गुंडाळली जाते, तट्टे लादली जातात, चुलीचे तीन दगड जागच्या जागी राहतात. शेतकरी सकाळी बांधावर येतो तेव्हा कळप दोन कोस पुढे गेलेला असतो आणि शेतभर लेंड्यांचा काळा थर पसरलेला असतो. तो वाकून एक ढेकूळ फोडून पाहतो, आणि पुढच्या वर्षी कधी येणार हे विचारायचे राहूनच गेले, असे म्हणतो.